रात्री-अपरात्री वाजणारे निनावी फोन : वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या गावांहून आली आहे. इंटरनेटवर चालणारा फोन किंवा मीटिंग हॉलमधला व्हिडिओ संच आपोआप वाजतो, उचलला तर पलीकडे कुणी नसतं. म्हणून हे सगळं सदर त्याच विषयाला दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत. कुणाच्या दवाखान्यात किंवा कार्यालयात कोणतं यंत्र कसं जोडलं आहे, हे नावानिशी छापणं बरं नव्हे.

प्रश्न : सातारा जिल्ह्यात माझं छोटं प्रसूतिगृह आहे. जुना इंटरकॉम काढून आम्ही आयपी फोन घेतले. एक रिसेप्शनला, एक नर्सिंग स्टेशनला. दिवाळीपासून नर्सिंग स्टेशनचा फोन रात्री दीड-दोननंतर वाजतो. स्क्रीनवर १०००, कधी १००१, कधी नुसतं १००. उचलला की शांतता, ठेवला की थोड्या वेळात पुन्हा. आमच्याकडे १००१ नंबरचं एक्स्टेन्शनच नाही. रिसेप्शनचा फोन मात्र असा कधीच वाजत नाही. फोन कंपनी म्हणते, आमच्या रेकॉर्डला असा कॉल नाही. वैतागून सिस्टर आता रात्री त्या फोनचा आवाज बंद करतात. एका पेशंटच्या नवऱ्याचा फोन त्यामुळे लागला नाही. काय करावं?

उत्तर : डॉक्टर, कंपनी खरं बोलते आहे. कॉल तिच्याकडून आलाच नाही, तो थेट तुमच्या फोनवर आला. सगळ्या पत्रात कंपनीच्या रेकॉर्डचं हे वाक्य माझ्या सर्वांत कामाचं. दुसरं कामाचं वाक्य म्हणजे रिसेप्शनचा फोन वाजत नाही. या दोन गोष्टींवरून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी सांगता येतं.

नेहमीचा कॉल असा येतो : नातेवाइकाने नंबर लावला, तो तुमच्या कंपनीच्या सर्व्हरवर पोचला, सर्व्हरने तुमच्या फोनला ‘इन्व्हाइट’ नावाचा निरोप पाठवला, आणि फोन वाजला. हे सगळं ज्या नियमांनी चालतं त्याला एसआयपी म्हणतात. आज वापरात असलेलं त्याचं मूळ प्रमाण २००२ सालचं. त्यात एक मोकळीक आहे. इन्व्हाइट सर्व्हरनेच पाठवला पाहिजे अशी सक्ती नाही. इंटरनेटवरच्या कुठल्याही संगणकाने तुमच्या फोनच्या पत्त्यावर, ५०६० या ठरलेल्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक दिलेलं दार) इन्व्हाइट टाकला, तर बरेचसे फोन कारखान्यातून येतानाच्या सेटिंगमध्ये ‘१८० रिंगिंग’ असं उत्तर देऊन वाजायला लागतात. समोरचा कोण, ओळखीचा आहे का, हे विचारत नाहीत.

मग हे पाठवतं कोण? माणूस नव्हे, प्रोग्राम. गल्लीतून जाता जाता प्रत्येक दाराची कडी हलवून बघावी तसा तो इंटरनेटवरचा एकेक पत्ता तपासत जातो. यातलं सर्वांत परिचित साधन म्हणजे एसआयपीव्हिशस. सँड्रो गाउची या सुरक्षा-तज्ज्ञाने ते २००७ मध्ये खुलं केलं, ते फोन-यंत्रणांची तपासणी करता यावी म्हणून. चोरांनी तेच उचललं. इंटरनेटवर उघड्या असलेल्या कुठल्याही ऑफिस एक्स्चेंजची (ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या यंत्रणेची) नोंदवही उघडली तर त्याची खूण दिसते : पाठवणाऱ्याचं नाव ‘एसआयपीव्हिशस’, नंबर १००, पत्ता १.१.१.१, आणि सॉफ्टवेअरच्या रकान्यात ‘फ्रेंडली-स्कॅनर’. तो पत्ता लबाडीने भरलेला असतो, त्यामुळे त्याच्या मालकाला दोष देऊ नका. तुमच्या स्क्रीनवरचे १००, १०००, १००१ हेही असेच भरलेले आकडे. ऑफिसातली एक्स्टेन्शन्स बहुधा तिथूनच सुरू होतात म्हणून ते निवडलेले असतात. ४३० कोटी पत्ते तपासणं अशक्य वाटेल, पण मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की एका चांगल्या जोडणीवरच्या एकाच संगणकावरून सगळ्या इंटरनेटचं एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासता येतं. तेव्हा ‘आमच्याच मागे कोण लागलंय’ ही शंका मनातून काढून टाका. त्यांना तुमचं नावही माहीत नाही.

त्यांना हवं असतं ते एक्स्चेंज. असं एक्स्चेंज, ज्यातून फुकट परदेशी कॉल लावता येतील. त्याबद्दल पुढच्या एका पत्रात लिहिलं आहे. तुमच्याकडे एक्स्चेंज नाही, नुसता फोन आहे, म्हणून तो बिचारा वाजतो. उचलल्यावर शांतता असते कारण पलीकडे बोलणारं कुणी नाही आणि आवाज पाठवण्याची सोयही त्या प्रोग्रामने केलेली नाही. बऱ्याचदा तो ‘रद्द’ असा निरोपही पाठवत नाही, म्हणून फोन आपला स्वतः थकेपर्यंत वाजत राहतो.

आता तुमच्याच फोनवर का? मी तुमच्याकडे फोन करून विचारलं तेव्हा कळलं की सीसीटीव्ही घरून मोबाइलवर दिसावा म्हणून तुम्ही स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट-पत्ता, घेतला आहे, आणि फोन बसवताना नर्सिंग स्टेशनला आवाज एकाच बाजूने यायचा म्हणून टेक्निशियनने ‘राउटरमध्ये काहीतरी केलं’. ते काहीतरी म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. बाहेरून ५०६० वर जे येईल ते सरळ नर्सिंग स्टेशनच्या फोनकडे ढकल, असा हुकूम राउटरला दिला आहे. रिसेप्शनच्या फोनसाठी तो दिलेला नाही, म्हणून तो गप्प. हा उपाय फार ठिकाणी दिसतो आणि मला त्याचा राग येतो, कारण तो गरजेचा नसतो. फोन स्वतःच सर्व्हरकडे नोंदणी करतो. त्याच वाटेने सर्व्हरचे कॉल परत येतात. एकतर्फी आवाजाचं कारण पुष्कळदा राउटरमधली ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय असते. ती मदत करायला म्हणून निरोपांमधले पत्ते बदलते आणि घोळ घालते.

तर टेक्निशियनला बोलवा आणि हे समोर बसून करून घ्या. राउटरमधलं ५०६० चं फॉरवर्डिंग काढायचं. ‘डीएमझेड’ मध्ये (त्यात टाकलेलं यंत्र बाहेरच्यांना पूर्ण उघडं पडतं) फोनचा पत्ता टाकला असेल तर तोही काढायचा. एसआयपी एएलजी बंद करायचं. मग बाहेरून मोबाइलवरून फोन लावून दोन्ही बाजूंचा आवाज तपासायचा.

एवढ्यावर थांबू नका, खरा बंदोबस्त फोनमध्ये करायचा आहे. फोनला सांगायचं की आपल्या सर्व्हरखेरीज कुणाचंही ऐकू नकोस. फोनचा आयपी पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं पान उघडतं. ग्रँडस्ट्रीमच्या फोनमध्ये अकाउंटच्या एसआयपी सेटिंगमध्ये ‘अलाऊ इन्कमिंग एसआयपी मेसेजेस फ्रॉम एसआयपी प्रॉक्सी ओन्ली’ अशा अर्थाची ओळ सापडेल, ती ‘येस’ करा. ‘चेक एसआयपी युझर आयडी’ हीसुद्धा ‘येस’. यीलिंकमध्ये फीचर्सखाली ‘अ‍ॅक्सेप्ट एसआयपी ट्रस्ट सर्व्हर ओन्ली’ चालू आणि ‘अलाऊ आयपी कॉल’ बंद. स्नॉममध्ये ‘फिल्टर पॅकेट्स फ्रॉम रजिस्ट्रार’. सिस्कोच्या जुन्या एसपीए मालिकेत ‘रिस्ट्रिक्ट सोर्स आयपी’. पॉलिकॉममध्ये हे काम कॉन्फिगरेशन फाइलमधून करावं लागतं, तिथे ‘रिक्वेस्ट व्हॅलिडेशन’ असं नाव आहे, आणि ते कंपनीच्या माणसालाच करू द्या. मॉडेलगणिक आणि फर्मवेअरगणिक (फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरगणिक) शब्द थोडे इकडेतिकडे होतात, अर्थ तोच शोधायचा.

एक काळजी घ्या. काही कंपन्या नोंदणी एका सर्व्हरवर घेतात आणि कॉल दुसऱ्या पत्त्यावरून पाठवतात. अशा वेळी ही सेटिंग लावली की खरे कॉलही अडतात. म्हणून कंपनीला आधी विचारा, ‘तुमचे इन्व्हाइट कोणकोणत्या पत्त्यांवरून येतात?’ आणि सेटिंग केल्यावर लगेच मोबाइल, लँडलाइन आणि शक्य तर दुसऱ्या कंपनीचा मोबाइल अशा तिन्हींवरून फोन लावून बघा. हे दिवसाउजेडी करा, रात्रपाळीच्या भरवशावर ठेवू नका. जाता जाता फोनच्या पानाचा ‘अ‍ॅडमिन’ हा मूळ पासवर्डही बदला.

सिस्टरना मात्र रागावू नका. जो फोन दहादा उगाच वाजतो तो अकराव्यांदा कुणी धावत जाऊन उचलत नाही, आणि प्रसूतिगृहात तो अकरावा फोनच खरा असू शकतो. दुरुस्ती होईपर्यंत रात्रीसाठी एक साधा मोबाइल नर्सिंग स्टेशनला ठेवा, त्याचा नंबर डिस्चार्ज कार्डावर आणि दारावर लिहा. हे आजच करा, टेक्निशियनची वाट बघू नका.

प्रश्न : आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या सभागृहात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा संच आहे. संचालक मंडळाची बैठक चालू असताना मध्येच पडद्यावर ‘सिस्को’ असा कॉल येतो. नाकारला की दुसऱ्या नंबराने येतो. एका रविवारी तर वॉचमनने पाहिलं की संच आपोआप चालू झाला आहे आणि रिकाम्या सभागृहाचं चित्र पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं आहे. घाबरून त्याने मेन स्विच काढला. कुणी आमच्या बैठका पाहत होतं का? (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : वॉचमनने अगदी बरोबर केलं, त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा. तुमचं पत्र सगळ्यांत गंभीर आहे.

दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. पहिला डॉक्टरांचाच : संच उघड्या इंटरनेटवर आहे. फरक एवढाच की व्हिडिओ संचांची एक जुनी भाषा आहे, एच.३२३, १९९६ पासूनची, ती १७२० या पोर्टवर ऐकते. तिथेही असेच कडी हलवणारे प्रोग्राम फिरतात आणि नाव म्हणून अनेकदा ‘सिस्को’ टाकतात. त्या कंपनीचा याच्याशी काही संबंध नसतो. दुसरा दोष जास्त वाईट : तुमच्या संचावर ‘ऑटो आन्सर’ चालू आहे. कुणी बसवताना सोयीसाठी ठेवलं असेल, म्हणजे रिमोट हातात न घेता बैठक सुरू होते. पण मग अनोळखी कॉलही संच स्वतःच उचलतो आणि कॅमेरा, माइक दोन्ही चालू होतात.

हे कल्पनेतलं भय नाही. रॅपिड७ या सुरक्षा-कंपनीच्या एच. डी. मूर यांनी २०१२ च्या जानेवारीत आपली तपासणी जाहीर केली. इंटरनेटचा फक्त ३ टक्के भाग चाळला तर एच.३२३ बोलणारी अडीच लाख यंत्रं सापडली, आणि त्यांपैकी ५,००० हून थोडी जास्त यंत्रं येणारा कॉल आपोआप उचलत होती. वकिलांची कार्यालयं, कंपन्यांच्या संचालकांच्या खोल्या, सगळं त्यात होतं. बऱ्याच ठिकाणी कॅमेरा दुरून फिरवून, जवळ आणून बघता येत होता. त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी जुने संच अजून तसेच चालू आहेत. तुमचा त्यातलाच.

कुणी पाहिलं का, याचं उत्तर संचातच आहे. रिमोटने ‘कॉल हिस्ट्री’ किंवा ‘रिसेंट कॉल्स’ उघडा. नाकारलेल्या किंवा न उचललेल्या कॉलसमोर कालावधी शून्य असतो. ज्यांच्यासमोर काही सेकंद किंवा मिनिटं आहेत, त्यांची तारीख-वेळ वहीत उतरवा आणि बैठकांच्या इतिवृत्ताशी ताडून बघा. ही यादी संच रिसेट करण्याआधी करा, नाहीतर पुरावा पुसला जाईल. माझा अनुभव असा की बहुतेक कॉल प्रोग्रामचे असतात, आणि जोडणी झाली तरी पलीकडे बघणारं माणूस नसतं. पण तुमच्या सभागृहात ऊसदर आणि कर्जाचे विषय निघतात, त्यामुळे ‘बहुतेक’ वर समाधान मानू नका.

आजच्या आज करायचं ते हे. ऑटो आन्सर बंद. बैठक नसेल तेव्हा कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण, किंवा कॅमेरा भिंतीकडे वळवलेला. मग नेटवर्क सांभाळणाऱ्याला बोलावून विचारा, ‘आपण एच.३२३ वापरतो तरी का?’ आता बहुतेक जण झूम, वेबेक्स किंवा टीम्सवर जातात, तिथे आपला संच बाहेर जाऊन जोडला जातो, बाहेरून कुणी आत येण्याची गरजच नसते. तसं असेल तर एच.३२३ पूर्ण बंद करा. सिस्कोच्या संचात ‘नेटवर्क सर्व्हिसेस’ खाली त्याचा पर्याय आहे. एसआयपीच्या सेटिंगमधलं ‘लिसन पोर्ट’ बंद केलं की तो संच फक्त आपल्या नोंदणीच्या सर्व्हरमार्फतच गाठता येतो, थेट नाही. संचाला दिलेला पब्लिक आयपी (थेट इंटरनेटवर दिसणारा पत्ता) काढून त्याला फायरवॉलच्या, म्हणजे नको ते निरोप अडवणाऱ्या पहारेकऱ्याच्या, आत घ्या.

एखाद्या बँकेशी किंवा सरकारी कार्यालयाशी थेट एच.३२३ ने जोडावंच लागत असेल, तर त्यांच्याकडून त्यांचे आयपी पत्ते लेखी मागवा आणि फायरवॉलमध्ये १७२० वर फक्त तेवढ्यांनाच वाट द्या. उलटं, म्हणजे त्रास देणाऱ्यांचे पत्ते एकेक करून अडवत बसणं, हे न संपणारं काम आहे. ते रोज नव्या पत्त्यावरून येतात.

पुढच्या बैठकीत हे सगळं विषयपत्रिकेवर घ्या असं मी सुचवेन. संच कारखान्याचा आहे, म्हणजे सभासदांचा आहे, आणि तो किती काळ उघडा होता हे त्यांना कळायला हवं.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी मुलाकडे एडिसन, न्यू जर्सीला असतो. घरी इंटरनेटच्या डबीवर चालणारा फोन आहे, भारतात स्वस्तात बोलता यावं म्हणून. पहाटे चारला तो वाजतो, नंबर १०० किंवा ५०००. दर वेळी आमच्या छातीत धस्स होतं, कारण पुण्यात माझे थोरले बंधू आजारी आहेत. मुलाने नंबर ब्लॉक केले, काही फरक नाही. तो म्हणतो रात्री डबीची वायर काढून ठेवू. ताई, हे बरोबर आहे का?

उत्तर : काका, वायर काढू नका. एक तर पुण्याहून खरा फोन आला तर तो तुम्हाला मिळाला पाहिजे. दुसरं म्हणजे घरात दुसरी लँडलाइन नसेल तर रात्री ९११ हा तिथला आणीबाणीचा नंबर लावायला हाताशी तीच असते.

नंबर ब्लॉक करून काही होणार नाही, कारण तो नंबर कुणाचाच नाही. प्रोग्रामने भरलेला आकडा आहे, उद्या दुसरा भरेल. आधी एक खात्री करून घ्या. मुलाला सेवा देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात शिरून आलेल्या कॉलची यादी बघायला सांगा. पहाटे चारचा कॉल त्या यादीत असेल, तर तो नेहमीचा जाहिरातीचा किंवा फसवणुकीचा कॉल, त्यासाठी कंपनीचा स्पॅम फिल्टर. यादीत नसेल तर तो थेट डबीवर आला, आणि मग काम तुमच्या घरात आहे.

तुम्ही लिहिलंय की डबी मॉडेमला जोडली आहे आणि राउटर डबीच्या पुढे आहे. अशी जोडणी काही कंपन्या स्वतःच सुचवतात. पण त्यात डबी सरळ इंटरनेटवर उघडी पडते. ती राउटरच्या मागे घ्या : मॉडेम, मग राउटर, मग राउटरच्या एका भोकात डबी. कित्येक घरांत एवढ्यानेच थांबतं.

नाही थांबलं तर त्याचं कारण जरा समजून घ्यावं लागेल, मुलाला वाचून दाखवा. डबी सर्व्हरशी बोलायला बाहेर जाते तेव्हा राउटर तिच्यासाठी एक वाट उघडतो, आणि ती मिटू नये म्हणून डबी थोड्या-थोड्या वेळाने छोटा निरोप पाठवत राहते. काही राउटर त्या वाटेने फक्त त्याच सर्व्हरला आत येऊ देतात. काही राउटर कुणालाही येऊ देतात. डबी ५०६० वरून बोलत असेल तर बाहेरची वाटही बहुधा ५०६० च असते, आणि स्कॅनर नेमका तिथेच कडी हलवतो. म्हणून डबीचा ‘लोकल एसआयपी पोर्ट’ बदलायचा. ५०६१ किंवा ५०८० नको, तिथेही ते बघतात. ३५ हजार, ४२ हजार असा कुठला तरी लांबचा आकडा घ्या, किंवा ‘यूज रँडम पोर्ट’ अशी सोय असेल तर ती.

इथे फार लोक अडखळतात. पानावर दोन पोर्ट दिसतात. एक सर्व्हरचा, कंपनीच्या पत्त्यापुढे लिहिलेला. त्याला हात लावायचा नाही, तो बदलला की फोन बंदच पडेल. दुसरा आपल्या डबीचा, ‘लोकल’. बदलायचा तो हा.

कंपनीने डबीला कुलूप लावलं असेल आणि सेटिंगचं पान उघडत नसेल, तर त्यांना फोन करून एवढंच सांगा : ‘आमच्या अडॅप्टरवर थेट एसआयपी स्कॅन येत आहेत, लोकल पोर्ट बदला आणि फक्त तुमच्या सर्व्हरचेच इन्व्हाइट घ्यायला लावा. टीएलएस असेल तर त्यावर टाका.’ या शब्दांत सांगितलं की पहिल्याच माणसाला नाही तरी दुसऱ्याला कळतं. टीसीपी किंवा टीएलएस (निरोप पाठवण्याच्या या दोन पद्धती, दुसरीत ते सांकेतिक करून जातात) यांवर डबीने स्वतः जोडलेल्या जोडणीतूनच बोलणं होतं, बाहेरचा सुटा निरोप आत शिरत नाही.

थोरल्या बंधूंना लवकर बरं वाटो.

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं युनिट आहे. भाच्याने जुन्या संगणकावर अ‍ॅस्टेरिस्क टाकून ऑफिसचं एक्स्चेंज बनवलं, छान चालतं. पण लॉगमध्ये दिवसरात्र ‘राँग पासवर्ड’ च्या ओळी येतात, आणि कुणीतरी ९००, ००, ०११ असे आकडे लावून एकच परदेशी नंबर पुन्हा पुन्हा लावून बघतंय असं दिसतं. फोन वाजत नाहीत, मग दुर्लक्ष केलं तर चालेल ना?

उत्तर : अजिबात चालणार नाही. डॉक्टरांकडे फोन वाजतो म्हणून त्रास दिसतो. तुमच्याकडे वाजत नाही, पण ज्याच्या शोधात हे सगळे प्रोग्राम फिरतात ते एक्स्चेंज तुमच्याकडेच आहे. तो आकड्यांचा खेळ म्हणजे ‘बाहेरची लाइन घ्यायला इथे काय लावतात’ याचा अंदाज. एकदा जुळला की तुमच्या ट्रंकवरून, म्हणजे कंपनीने दिलेल्या बाहेरच्या लाइनवरून, महागड्या परदेशी नंबरांवर कॉल सुरू होतात, आणि त्या कॉलच्या पैशातला वाटा त्या नंबरवाल्याकडून चोराला मिळतो. शुक्रवारी रात्री शिरतात आणि सोमवारी सकाळी ऑफिस उघडेपर्यंत बिल झालेलं असतं.

भाच्याला कौतुकाने बसवून हे करून घ्या. आधी ट्रंक देणाऱ्या कंपनीकडून आयएसडी बंद. परदेशी ग्राहक असतील तर फक्त त्या देशांपुरतं उघडा आणि दिवसाची खर्चमर्यादा घाला. अ‍ॅस्टेरिस्क ज्या संगणकावर आहे त्यावर बाहेरून ५०६० कुणाला दिसायला हवं? फक्त ट्रंक कंपनीच्या पत्त्यांना. बाकीच्यांना फायरवॉलमध्येच अडवा. घरून कुणी सॉफ्टफोन (संगणकावर किंवा मोबाइलवर चालणारं फोनचं अ‍ॅप) वापरत असेल तर त्याला व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी सुरक्षित वाटेने, आत आणा.

एक्स्चेंजमध्ये एसआयपी सांभाळणारा जुना भाग ‘चॅन-एसआयपी’ वापरत असाल तर ‘अलाऊगेस्ट’ ला ‘नो’ आणि ‘ऑलवेजऑथरिजेक्ट’ ला ‘येस’. दुसऱ्या सेटिंगमुळे एक्स्टेन्शन खोटं असो की पासवर्ड चुकलेला असो, उत्तर सारखंच जातं आणि चोराला नंबर हुडकता येत नाही. खरं तर ते चॅन-एसआयपीच २०२३ मध्ये आलेल्या अ‍ॅस्टेरिस्क २१ पासून काढून टाकलं आहे, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या ‘पीजेएसआयपी’ वर जायची तयारी करा, आणि तिथे ‘अनॉनिमस’ नावाचं एंडपॉइंट (अनोळखी कॉल आत घेणारं खातं) बनवू नका. फ्रीपीबीएक्स (ब्राउझरमधून एक्स्चेंज सांभाळायचं सॉफ्टवेअर) असेल तर ‘अलाऊ अनॉनिमस इनबाउंड एसआयपी कॉल्स’ ला ‘नो’. जोडीला फेल२बॅन हा प्रोग्राम बसवा, तो चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याचा पत्ता काही काळ अडवून ठेवतो.

आणि पासवर्ड. १०१ नंबरच्या एक्स्टेन्शनला १०१ हाच पासवर्ड, हे मी इतक्या कारखान्यांत पाहिलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारते. फोनमध्ये पासवर्ड एकदाच भरायचा असतो, तेव्हा चांगला लांबलचक ठेवायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : असा फोन चुकून उचलला तर पैसे कापले जातात का? सायबर पोलिसांकडे जावं का? (नागपूर)

उत्तर : आयपी फोनवर थेट आलेला असा कॉल उचलल्याने पैसे जात नाहीत. तो तुमच्या कंपनीच्या हिशेबात येतच नाही. परत तोच नंबर लावलात तरी तो कॉल करणाऱ्याला लागणार नाही. नुसत्या वाजण्यासाठी पोलिसांकडे जाण्यात अर्थ नाही. मात्र भोसरीच्या पत्रात म्हटल्यासारखं बिल आलं, पैसे गेले, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि ट्रंक कंपनीला त्याच मिनिटाला लाइन बंद करायला सांगा.

प्रश्न : मोबाइलवर अनोळखी परदेशी नंबरवरून एकच रिंग देऊन कॉल कट होतो. तोही हाच प्रकार का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. तिथे तुम्ही परत फोन करावा म्हणून रिंग दिलेली असते, आणि तो परतीचा कॉल महागडा असतो. परत लावू नका. फसवणुकीचा संशय असेल तर ‘संचार साथी’ संकेतस्थळावर ‘चक्षु’ नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे, तिथे नोंदवा.

प्रश्न : आमच्याकडे असाच त्रास होता, एका जाणकाराने सेटिंग करून थांबवला. वर्षभर शांत होतं, गेल्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. असं का व्हावं? (मडगाव)

उत्तर : मधल्या काळात फायबरवाल्याने राउटर बदलला, किंवा कुणी फोन रिसेट केला. नवा राउटर आला की एसआयपी एएलजी पुष्कळदा पुन्हा चालू होऊन येतं. फोन रिसेट झाला की लोकल पोर्ट परत ५०६० वर जातो आणि ‘फक्त आपल्या सर्व्हरचं ऐक’ ही ओळही पुसली जाते. केलेल्या सेटिंगची पानं मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि एक छापील प्रत राउटरच्या मागे चिकटवा. त्यावर पासवर्ड मात्र लिहू नका.